स्वखुशीची सही

सायप्रसचा समुद्र विजयमालाबाईंच्या घरात शिरला तो जानेवारीत.

प्रज्ञेशनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, टीव्हीवर त्या घराचा व्हिडिओ लावला होता. पांढऱ्या भिंती, निळाशार तलाव आणि तलावाच्या काठाला टेकलेला समुद्र. "आई, बघा ना, पाण्याला लागून पाणी!" सूनबाई चैताली हरखून गेली. बिबवेवाडीत त्या आठवड्यात नळाला दिवसाआड पाणी होतं. विजयमालाबाई "छान आहे" म्हणाल्या आणि बादल्या भरायला उठल्या.

किंमत साडेतीन लाख युरो. त्यांनी मनातल्या मनात रुपये करायला घेतले आणि निम्म्यातच सोडून दिले.

"इथली नोकरी आज आहे, उद्या नाही," प्रज्ञेश म्हणाला. "ते घर भाड्यानं दिलं की महिन्याला युरो येत राहतील."

"मग डॉलरवालं घे. तुझी कंपनी अमेरिकेचीच ना?"

"म्हणूनच नको. तिकडे काही झालं तर पगारही गेला आणि भाडंही. आणि रुपया रोज घसरतोय. जेवढं थांबू तेवढं महाग."

एका माणसाला वर्षात परदेशी किती पैसे पाठवता येतात याला मर्यादा असते. प्रज्ञेशची मर्यादा पुरत नव्हती, म्हणून घरावर आईचंही नाव लावायचं ठरलं. पैसेही पुरत नव्हते, म्हणून आईच्या फ्लॅटवर सत्तर लाखांचं कर्ज काढलं. त्या कागदांवर सही करायच्या आधी प्रज्ञेशनं त्यांचा चष्मा स्वतःच्या रुमालानं पुसून दिला होता. एवढ्या मायेनं पुसलेल्या चष्म्यातून कागद वाचत बसणं म्हणजे पोरावर संशय घेतल्यासारखं झालं असतं. दस्त नोंदणीच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईनं न वाचता सही केली.

आज मात्र बँकेत, पैसे परदेशी पाठवायच्या फॉर्मवरची ती एक ओळ नजरेत घुसली. 'सदर रक्कम माझी स्वतःची असून कर्जाऊ घेतलेली नाही.' खाली सहीची मोकळी जागा.

"फॉर्मॅलिटी असते गं," प्रज्ञेश पुटपुटला.

टेबलापलीकडच्या सोनाली मॅडम तिशीच्या असतील. त्यांनी फाइल चाळली, एकदा विजयमालाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, आईंच्या पॅनकार्डाची झेरॉक्स लागेल. समोरच्या दुकानातून आणता?"

तो गेला. काचेचं दार बंद झालं.

"झेरॉक्स मशीन तर तुमच्या मागेच आहे," विजयमालाबाई म्हणाल्या.

"हो. चालूसुद्धा आहे. पाणी घ्या काकू."

ही युक्ती विजयमालाबाईंची स्वतःचीच होती. कचेरीत एखादे आजोबा शाई लागलेला अंगठा अधांतरी धरून उभे असत, शेजारी मुलगा घड्याळ बघत असे. त्या मुलाला झेरॉक्सला पिटाळायचं आणि तेवढ्यात विचारायचं, "आजोबा, मनापासून देताय ना?" सगळे म्हणत, "हो हो, स्वखुशीनं." एकतीस वर्षांत फक्त दोघं 'नाही' म्हणाले. घरी येऊन त्या नवऱ्यापाशी करवादत, "माणसांच्या तोंडात जीभ नसते का हो?" पोस्टातून दमून आलेले सीताराम चहाची बशी खाली ठेवून म्हणत, "जीभ असते गं. पोरगाही असतो."

सीतारामांना जाऊन आठ वर्षं झाली होती.

"हे सत्तर लाख गेल्याच आठवड्यात जमा झालेत," सोनाली मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचेच आहेत ना?"

"हो हो, माझेच."

शब्द तोंडातून निघाले आणि आपल्याच कानांना परके वाटले. त्या सगळ्या आजोबांचाच तो आवाज. आज सही केली, उद्या हप्ते थकले, तर या वयात बोचकं घेऊन कुठं जायचं? आणि नाही केली तर प्रज्ञेश कुठल्या नजरेनं बघेल? दुसऱ्या प्रश्नाचीच भीती जास्त होती, हे कळलं तेव्हा त्या आणखी घाबरल्या.

काचेतून तो रस्ता ओलांडताना दिसला.

"नाहीत," त्या एकदम म्हणाल्या. "घरावर काढलेत."

सोनाली मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग मला हे पाठवता येणार नाहीत. मी सांगते त्यांना, सिस्टिम बंद आहे म्हणून."

"नको. सिस्टिम उद्या चालू होते. मी सांगते. तुम्ही फक्त उठून जाऊ नका."

प्रज्ञेश आला. "हे घ्या. दोन कॉप्या. काय रांग लावतात लोक एका कागदासाठी!"

"प्रज्ञेश, मी सही करणार नाही. पैसे कर्जाचे आहेत, मी सांगितलंय त्यांना."

त्यानं आजूबाजूला बघितलं. "आई, इथे नको. घरी बोलू."

"इथेच. घरी मला जमणार नाही."

"बुकिंगचे बावीस लाख बुडतील माझे!"

"बुडू देत."

"तुला काय जातंय म्हणायला!" शेजारच्या खिडकीपाशी उभा असलेला माणूस वळून बघायला लागला. प्रज्ञेश खुर्चीत बसला, हातातल्या झेरॉक्सची सुरळी करत राहिला. ओरडेल, उठून जाईल, आजपासून बोलणं बंद करेल, असं सगळं विजयमालाबाईंनी मनात तयार ठेवलं होतं. तो बोलला ते इतकं हळू की त्यांना वाकून ऐकावं लागलं.

"आई, कंपनीत काढायच्या माणसांची यादी झालीय. मी आहे त्यात. पुढच्या महिन्यात."

"कधीपासून माहितीय?"

"जानेवारीपासून."

सोनाली मॅडम कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसल्या होत्या, पण बोटं हलत नव्हती. इतक्या मुलांना आपण झेरॉक्सला पिटाळलं, विजयमालाबाईंच्या मनात आलं, तू का घाबरलायस रे, असं एकालाही विचारलं नाही.

"कर्ज उद्याच परत करू," त्या म्हणाल्या. "दंड पडेल तो माझ्या पेन्शनीतून."

त्यानं मान हलवली. मग विचारलं, "चैतालीला कोण सांगणार?"

"तू."

तो उठला नाही. विजयमालाबाईंनी फॉर्म कोराच पुढे सरकवला, पर्स खांद्याला लावली, उठल्या आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत परत बसल्या.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "ती सहाला घरी येते."