छकुलीच्या पोटात साखर कशी गेली?

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, काचेच्या पाठीचा, वहीएवढा. कारखान्यात माझी पारख झाली, दुकानात मी धूळ खाल्ली आणि मग एक शिंपीणबाई मला घरी घेऊन गेल्या.

त्यांच्या लेकीला, छकुलीला, आकडीचा झटका आला होता आणि तो थांबतच नव्हता. एकामागून एक इंजेक्शने झाली, पण गुण येईना. शेवटी डॉक्टरांनी तिला औषधाने गाढ झोपवून श्वासाच्या यंत्रावर ठेवले. ते औषध कमी केले की झटका पुन्हा हजर. मग नळीवाटे वेगळा आहार सुरू झाला. त्यात स्निग्ध पदार्थ भरपूर, साखर जवळजवळ नाहीच. हळूहळू झटके थांबले.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधं चालूच ठेवा आणि प्रत्येक घास मोजून द्या. थोड्याशा साखरेनंही सगळं बिघडू शकतं."

तेव्हापासून लोणी, अंडे, कोबी, सारे माझ्या पाठीवरून जाऊ लागले. आई माझा आकडा दोनदा वाचायची. तिचा माझ्यावरही पुरता विश्वास नव्हता.

एका दुपारी छकुलीचा ओठ फडफडू लागला. नाकात फवारायचे तातडीचे औषध दिल्यावर ती शांत झाली. पण आहार नीट चालला की गडद होणाऱ्या, लघवी तपासायच्या पट्टीचा रंग उतरला होता. म्हणजे पोटात साखर गेली होती.

आई छकुलीच्या आत्याकडे वळली. "वन्सं, खरं सांगा, काही गोड दिलंत?"

"मी? दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते मी."

"मग पिशवी दाखवा."

आत्याने पिशवी उपडी केली. त्यातून चष्मा, रुमाल आणि बसचे तिकीट निघाले. मग आईने माझे सेल बदलले, बाबांचे खिसेही तपासले.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारले, "खोकल्याचं औषध वगैरे दिलं होतं का?"

आईने बाटली उजेडात धरली आणि बारीक अक्षरे वाचली. त्यात साखर होती. ते औषध तिनेच दिले होते.

ती आत्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, माझं चुकलं. उद्याचं वजन तुम्ही कराल?"

"करीन. पण तू शेजारी उभी राहा. पुन्हा काही झालं तर मला झडती द्यायची नाही."

पुढे छकुली बरी झाली आणि डॉक्टरांनी तो आहार हळूहळू बंद केला. आता मी फळीवर मागे पडून आहे. त्या दोघी बोलतात, हसतातही, पण आत्या पिशवी घेऊन स्वयंपाकघरात येत नाही.

मित्रांनो, आजारी मुलाला काही देण्याआधी डॉक्टरांना विचारा, बाटलीवरचे वाचा. घरच्या माणसालाही जरूर विचारा, पण चोर समजून विचारू नका.