दोनाने गुणायचं राहिलं

"तो कॅलक्युलेटर ठेव बाजूला. एकोणतीस साते किती?" पाढेबाईंनी विचारलं.

"बाई, मला माझं काम करू द्या ना," शेजारची चष्मेवाली म्हणाली.

"दोनशे तीन," बाईंनी स्वतःच सांगून टाकलं आणि हातातला रिपोर्ट खिडकीतून बाहेर दिला. हॉस्पिटलमधल्या रक्ततपासणीच्या त्या खोलीत सगळे त्यांना पाढेबाई म्हणत. तोंडाने त्या नको नको म्हणत, पण मनातून त्यांना ते फार आवडे.

रिपोर्ट तीन दिवसांच्या बाळाचा होता. कावीळ नऊ. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, घरी न्या. बाळाची आजी मुद्दाम खिडकीशी परत आली. "तुमच्या तोंडात साखर पडो, बाई," म्हणाली.

थोड्या वेळाने बाईंनी नळ्या आवरायला घेतल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्या बाळाच्या नळ्या दोन होत्या, एक नुसत्या रक्ताची आणि एक सलाईन मिसळलेली. रक्त जेमतेम मिळालं होतं, म्हणून त्यांनीच त्यात तेवढंच सलाईन मिसळून ते मशीनला लावलं होतं. अशा वेळी आलेला आकडा दुप्पट करून लिहायचा. तेवढंच राहिलं होतं. कावीळ अठरा होती. आणखी चढून मेंदूत गेली, तर लेकरू जन्माचं अधू होणार.

बाई धावत सुटल्या. फाटकापाशी आजी बाळाला घेऊन रिक्षात बसत होती.

"उतरा. घरी नेऊ नका. माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"दोनाने गुणायचं राहिलं."

"दोनाने?" आजीने विचारलं.

तिचा आवाज जराही चढला नव्हता. चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. बाईंना तोंड कुठे लपवावं कळेना.

बाळाला कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली ठेवलं. दोन दिवसांनी पुन्हा रक्त आलं, पुन्हा जेमतेमच. बाईंनी या वेळी आकडा दुप्पट केला, तीनतीनदा पाहिला. सात. उतरली होती. रिपोर्ट द्यायला त्या खिडकीशी गेल्या, तर समोर आजीच.

आजीने रिपोर्टला हात लावला नाही. "राग मानू नका," ती हळूच म्हणाली, "पण एवढा कुणाकडून तरी बघून घेता का?"

बाईंनी तो चष्मेवालीपुढे ठेवला. तिने मशीनवरचा आकडा पाहिला, कॅलक्युलेटर ओढला आणि दोनाने गुणलं.

"बरोबर आहे, आजी," ती म्हणाली. बाईंकडे तिने पाहिलं नाही.