मामाकडे वाढलेला राजा

कोट न काढताच बीआट्रिस खुर्चीत बसली आणि बुटाची नाडी सोडायला वाकली, तर गाठ काही सुटेना. हॅमिल्टनच्या वृद्धाश्रमातली ही सलग चौथी नाइट शिफ्ट. पाठीचे पार तुकडे पडले होते.

टेबलावर तान्याचा शाळेचा चार्ट पसरला होता: हवाई बेटांचा राजा चौथा कामेहामेहा आणि त्याचं कुटुंब.

"मम्मी, आईच्या बॉक्समध्ये कोणाला लिहू? जन्म दिला किनाऊनं. पण बाळ असतानाच त्याला मामानं घेतलं. तिथे पद्धतच होती तशी, मूल नात्यात वाढवायला द्यायची."

"जन्म दिला तिला लिही. त्यात विचारायचं काय?"

आवाज उगाच चढला. तान्याही वर्षाची असताना इथून वसईला मामा-मामीकडे गेली होती. 'जरा पाय रोवले की आणू' म्हणता म्हणता सहा वर्षं गेली. आता धाकटा एल्टन चौदा महिन्यांचा. मॅटर्निटी लीव्ह संपली, डेकेअरची वेटिंग लिस्ट हलेना, नवरा कास्मिर दिवसा कामावर, ती रात्री. मामी त्यालाही सांभाळायला तयार होती. आज दादाचा वसईहून फोन येणार होता आणि बीआट्रिसचं हो ठरलं होतं. फक्त या पोरीला सांगायचा धीर होत नव्हता.

"तान्या, एल्टनला मामीकडे पाठवलं तर?" तिनं नाडीकडे बघतच विचारलं. "थोडीच वर्षं. तुला राग येईल?"

तान्यानं मार्करला टोपण लावलं.

"आय डोन्ट नो. मामी छान ठेवते. काटे काढून मासे भरवते."

बीआट्रिसला हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

"पण राजा मामाचाच राहिला, मम्मी. एल्टनला तू परत आणणार ना?"

"म्हणजे काय, आणणारच."

"मला आणलंस तेव्हा मामी एअरपोर्टवर लादीवर बसली होती. मामाला तिला उठवता येईना. नॉट अगेन, मम्मी."

छातीवर दगड ठेवला तो आपणच, असं बीआट्रिस इतकी वर्षं धरून चालली होती. मामीचा विचार तिला कधी शिवलासुद्धा नव्हता.

फोन वाजला.

"दादा, वहिनीला दे जरा."

"कधी येतंय गं बाळ?" मामीचा आवाज आनंदानं नुसता उतू जात होता. "तान्याची छोटी खाट पोटमाळ्यावरून काढलीय. धुऊन उन्हातपण ठेवली."

बीआट्रिसनं डोळे मिटून घेतले.

"वहिनी," ती म्हणाली, "तू आधी खुर्चीत बस बघू."