रस्त्यापर्यंतचे हुकूम

फणीच्या दात्यांत एक केस अडकला होता. लांब, पिंगट, म्हणजे मालनचाच. सासरहून निघताना रागारागात उचललेली ही फणी... रुक्मिणी तो ओढत होती आणि तो तुटतही नव्हता, निघतही नव्हता. राहा मेल्या तिथेच! ज्या पोरीचा तो केस, ती पोर समोर रस्त्यापलीकडे ओट्यावर खडे खेळत बसली होती, आणि वेणी तर बघा, सुंभासारखी. सासूबाईंचे, माईंचे, हात कापतात. आणि ती नवी, नवऱ्यानं, नारायणरावांनी, आणलेली दुसरी बायको, ती कशाला घालतेय नीट वेणी?

हाकेच्या अंतरावर पोर, आणि तिचे केस विंचरायला हुकूम लागतो! या रस्त्याच्या पलीकडचं देवास थोरल्या पातीचं, अलीकडचं धाकट्या पातीचं. दोन महाराज, दोन दरबार, दोन कोर्टं. सासर तिकडे, माहेर इकडे. लग्न ठरलं तेव्हा अण्णा केवढ्या ऐटीत म्हणाले होते, आमची मुलगी दोन राज्यांत नांदेल. नांदली हो नांदली! सवत आली तशी ती उठून बापाच्या घरी आली, पण मालनला सासरच्यांनी सोडलं नाही. तिकडच्या कोर्टानं तूर्त हुकूम दिला — निकाल लागेपर्यंत मुलगी बापाकडे. अण्णांचा जन्म दरबारी कारकुनीत गेलेला. ते स्वस्थ बसतात होय? त्यांनी इकडच्या कोर्टातून दुसरा तूर्त हुकूम आणला — निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडे. दोन्ही खरे, दोन्ही शिक्क्यानिशी, आणि दोन्ही रस्त्याच्या मधोमध संपणारे. इकडचा शिपाई तिकडे जाऊ शकत नाही. तिनं स्वतः जावं, तर अण्णा म्हणतात, त्या उंबऱ्यावर पाय ठेवलास की नांदायला आली म्हणतील आणि आपला दावा बुडाला. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! आणि तूर्त म्हणजे किती? पोरीचे दुधाचे दात पडून नवे आले, तरी यांचं तूर्त चालूच.

"रुक्मे, आज माई एकटीच आहे घरात," अण्णा मागून आले आणि त्यांनी तिच्या हातात मावाबाटीच्या मिठाईचा द्रोण ठेवला. "दाखव तिला. आपल्या पायांनी इकडे आली, की मग कुणाची टाप आहे न्यायची? दाराला कडी लावतो मी."

कडी... पण आत्ता तिला कडीबिडी काही ऐकू येत नव्हतं, ती दारात उभी राहिली, द्रोण उंच धरला, आणि स्वतःलाच शरम वाटेल इतक्या गोड आवाजात तिनं हाक मारली, "मालन! ये ग सोन्या."

मालन उठली. धावत रस्त्याच्या कडेला आली, आणि थांबली.

ये ना ग! काय दगड आहेस का? चार पावलं नाही टाकवत आईसाठी? — पोरीवरच संताप आला तिला.

"आई, आजी म्हणते तिकडे गेलं की परत येता येत नाही. खरं का ग?"

मेली म्हातारी! लेकराच्या मनात भीती घालते... रुक्मिणीनं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं.

"नाही म्हण," अण्णा दाराआडून कुजबुजले. "अग, म्हण ना लवकर!"

मालन तिच्या तोंडाकडे बघत होती. आई म्हणेल ते ती खरं धरणार होती, आणि तेवढ्यावर येणारही होती.

"तूच इधर ये ना मग," मालन म्हणाली.

इतके महिने माईंना शिव्या घालण्यात गेले. आणि दाराला कडी लागली की पोरीला परत जाता येणार नव्हतंच; खरं बोलल्या होत्या त्या माईच. रुक्मिणीनं उंच धरलेला द्रोण खाली घेतला. मागे अण्णा पुन्हा काही म्हणाले, तेव्हा पहिल्यांदाच तिला वाटलं, कोर्ट जाऊ दे चुलीत, नवरा जाऊ दे. आधी या माणसानं गप्प बसावं.