मागच्या खाडीचा शब्द

गंगुबाई डोंबिवलीच्या बाजारात आली होती ती चिंबोऱ्यांच्या कुंपणाला जाळी घ्यायला. मासळी ती विकायची कल्याणला, त्यामुळे इथल्या कोळणी तिच्या ओळखीच्या नव्हत्या. एका कोळणीच्या पाटीपाशी मात्र तिचा पाय थबकला. पाटीत साऱ्या चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, माद्या, पोटाखाली गाभोळीचे, अंड्यांचे, नारिंगी घोस. आणि नांग्यांवरची गाठ डावीकडून फिरवलेली.

तिचा नवरा रतन डावखुरा होता, अशी गाठ तोच मारायचा. तो वारल्यावर ती गाठ दोघांनाच येत होती. एक गंगुबाई, दुसरा तिचा राखीचा भाऊ भगवान, जो रतनच्याच होडीवर शिकून मोठा झाला.

"बाय, माल कुठचा?"

"उंबरबेटाचा. भाव विचार की, गाव कशाला विचारतेस? सोयरीक जमवायची हाय?"

गंगुबाईने एक मादी विकत घेतली. जाळी घ्यायची राहूनच गेली.

उंबरबेट हे तिचंच गाव. तिथली खाडी आता पहिल्यासारखी राहिली नव्हती. उन्हाळ्यात ओहोटीचं पाणी इतकं तापे की बोयटं मासे पोट वर करून तरंगत. पाऊस नको तेव्हा कोसळे, खारं पाणी एकाएकी गोडं होई आणि कोळंबीची पिल्लं मरत. म्हणून गेल्या वर्षीच्या हरिनाम सप्ताहात भगवाननेच विषय काढला होता. बेटामागची, तिवरांतली खाडी दोन वर्षं कोणी मारायची नाही, तिथं जाळं टाकायचं नाही, पिल्लांना वाढू द्यायचं. तोवर बांबूच्या कुंपणात चिंबोऱ्या पोसायच्या; गाभोळीच्या माद्या मात्र त्या तिवरांतच सापडत. बुवांनी कीर्तन थांबवून वीणा पुढे केली आणि घरटी एकेकाने तिच्यावर हात ठेवून शब्द दिला. सगळ्यांत आधी गंगुबाईने. मागची खाडी ही रतनची वहिवाट, तिची चूल त्याच पाण्यावर पेटायची. तरी ती म्हणाली होती, "भावाने सांगितलं ना, मग झालं."

ती गावी परतली तेव्हा भगवान आपल्या ओट्यावर जाळं शिवत बसला होता. त्याची बायको शेवंती तांदूळ निवडत होती.

"ये ताई. शेवंते, चहा टाक."

गंगुबाईने मादी त्याच्यापुढे ठेवली. त्याने गाठीकडे पाहिलं आणि सुई खाली ठेवली.

"कुंपणातल्या सगळ्या मेल्या, ताई. पाणी तापलं नि गेल्या. खायचं काय?"

"माझ्या अर्ध्या दिल्या असत्या. तोंड नव्हतं तुला?"

"चार माद्यांनी काय होतंय? दुसरं कोण जातंय तिकडं? तू शब्द धरून बसलीस, म्हणून सगळं गाव धरून बसलंय. तुझ्यामुळंच तर खाडी राखली गेलीय!"

हे तिच्या काळजात रुतलं. तिच्या निष्ठेला त्याने दारात राखणीला बसवलं होतं आणि स्वतः मागून आत शिरला होता. शेवंतीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

"आज कीर्तनात तू सांग. नायतर मी सांगेन."

"सांग. उद्या सगळ्या होड्या तिथं घुसतील. मग बस देवीसमोर रडत."

संध्याकाळी यंदाच्या सप्ताहाचं कीर्तन उभं राहिलं. टाळकऱ्यांत पुढे भगवान, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर सारा भक्तिभाव. एरवी त्याला असं पाहून गंगुबाईचा ऊर भरून यायचा. आज तिला वाटलं, देवा, हा टाळ वाजतो तरी कसा? बुवांनी निरूपणाला सूर थांबवला तशी ती उठली आणि पाहिलं ते सारं सांगितलं.

भगवानने मान खाली घातली आणि काही नाकारलं नाही.

"मग आम्हीच काय येडे?" गावच्या पोरांतला सर्वेश ओरडला. "उद्या आम्ही पण मारतो!"

मागून चार जण "मारूच!" म्हणाले. बुवा हात जोडून "शांत व्हा" म्हणत राहिले.

"मारा," गंगुबाई म्हणाली. "पण आधी माझी होडी बाजूला करावी लागेल."

सकाळी भरतीला तिने खाडीच्या तोंडावर होडी आडवी घातली. थोड्याच वेळात सर्वेश आणि बाकीच्या पोरांच्या होड्या आल्या.

"आत्ये, सर ना गं," सर्वेश म्हणाला. "तुला धक्का लावायचा नाय आम्हाला."

"मग लावू नको."

तेवढ्यात मागून भगवानची होडी आली. गंगुबाईने वल्हं आडवं धरलं. पण वल्ह्यावर शेवंती होती, एकटीच. पोरांच्या होड्यांमधून वाट काढत तिने आपली होडी आणून गंगुबाईच्या होडीला लावली आणि वल्हं आत घेतलं.

गंगुबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. त्या घरावरचा राग तसूभरही हलला नव्हता.

"जरा पुढं घे," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तिथं फट राहतेय."