न काटलेले पत्ते

मुलांनो, एक गंमत करू. डोळे मिटा आणि समजा, तुम्ही मेंढीकोट खेळायला बसला आहात. चार जण, समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू, प्रत्येकाच्या हातात तेरा पानं. दश्शांना म्हणायचं मेंढ्या. ज्या जोडीकडे मेंढ्या जास्त, तिचा डाव. दिसतंय ना? आता खालची सतरंजी काढून घ्या. पत्तेही काढून घ्या. समोरच्या गड्याला पेणमधून उचला आणि थेट रोह्यात नेऊन बसवा. मध्ये गडब, नागोठणं, निडी अशी सगळी गावं येऊ द्या. आणि तरीही डाव चालू ठेवा.

जमलं? उघडा आता डोळे. तुम्हाला हे क्षणात जमलं, पण मितेशला त्यासाठी आठ महिने लागले होते.

ही १९९९ सालची गोष्ट. पेणमध्ये पोह्याच्या गिरणीवरच्या खोलीत मितेशचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि तसाच एक क्लास त्याची बहीण अनिता रोह्यात चालवायची. तिकडे अमेरिकेत लोक घरबसल्या इंटरनेटवर पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ खेळायला लागलेत, असं मितेशने कुठेतरी वाचलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांचं पोकर, तर आपलं मेंढीकोट! त्याने साईट तयार केली. म्हणजे, जवळजवळ तयार केली. उद्घाटनाचा दिवस उजाडला तेव्हा भिंतीवर ‘नंतर’ असं शीर्षक लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता, आणि त्या कागदावर खाली जागा उरली नव्हती. पत्त्यांचा आवाज नंतर. बदाम राणीचं चित्र नंतर. भिडूला अक्कल नंतर. पत्ते काटणं नंतर.

दिवस रविवारचा ठरला होता, आणि तो आयझॅक मास्तरांसाठी. मास्तर बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस; त्या दिवशी ते यंत्राला हात लावत नसत. आणि मास्तरांशिवाय मेंढीकोटाचं उद्घाटन म्हणजे नारळाशिवाय पूजा. तीस वर्षं त्यांनी रोह्याच्या शाळेत गणित शिकवलं होतं, आणि दर रविवारी त्याच शाळेचे शिपाई काळुराम यांच्याशी मेंढीकोट खेळलं होतं. कुठलं पान कुणी कधी टाकलं, हे मास्तरांना डाव संपल्यावरही तोंडपाठ असे. आता मास्तर पेणला राहत होते आणि गुडघ्यांमुळे एसटीचा प्रवास होत नव्हता. दोन वर्षांत काळुरामची गाठ पडली नव्हती.

पण त्या रविवारी जिना चढताना मास्तरांच्या मनात वेगळंच चाललं होतं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मुलीचं, साराचं पत्र होतं. सारा इस्राएलमध्ये राहायची. महिन्यापूर्वी मास्तर दूध गॅसवर ठेवून विसरले आणि पातेलं जळून काळं ठिक्कर पडलं. शेजारच्या गोदूबाईंनी ते फोनवर साराला सांगितलं. साराने लिहिलं होतं, ‘पप्पा, तुम्हाला आता आठवत नाही. एकटे राहू नका. तिकीट पाठवते, कायमचे इकडे या.’ मास्तरांनी उत्तर लिहिलं नव्हतं. पेण सोडायची कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. पण रात्रंदिवस एकच प्रश्न छळत होता. तिचं खरं असेल तर?

त्यांच्याबरोबर गोदूबाईंची नम्रता होती, दहा वर्षांची. मास्तर तिला गणित शिकवायचे आणि गणित संपलं की मेंढीकोट. आज माऊस तिच्या हातात राहणार होता, कारण मास्तरांच्या हातात तो उंदीर पडद्याबाहेर पळायचा. दुसऱ्या हाताशी तिने वही ठेवली होती. पानं आली की आधी वहीत उतरवायची, मग खेळायचं, ही मास्तरांची शिस्त. “डोळ्यांनी पाहिलेलं उडतं, हाताने लिहिलेलं राहतं,” ते म्हणत. आणि वहीचं पान कधी फाडायचं नाही, ही दुसरी शिस्त. एकदा तिने होडीसाठी पान फाडलं, तर मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

नारळ फुटला, पेढे वाटले. दहा-बारा माणसं खुर्च्यांमागे उभी राहिली. रोह्याला एका कॉम्प्युटरवर काळुराम आणि अनिता, पेणला एकावर मास्तर आणि नम्रता. उरलेले दोन भिडू म्हणजे कॉम्प्युटर स्वतः. टेलिफोनची तार कॉम्प्युटरला जोडली, खरखर झाली, किणकिण झाली, आणि पडद्यावर पानं उमटली.

“थांब,” मास्तर म्हणाले. “काटायचं कुठे?”

“काय?”

“पत्ते पिसले की शेजारचा गडी काटतो. वरचे थोडे उचलून खाली घालतो. मग वाटप. ते कुठे केलं?”

मितेश हसला. “मास्तर, पिसणारा कॉम्प्युटर आहे. तो कशाला लबाडी करेल? काटणं नंतर घालू.”

“लबाडी करतो म्हणून काटत नाहीत रे. पिसणाऱ्याच्या हाताला सवय लागते, म्हणून काटतात.”

पण सगळे घाईत होते. नम्रताने तेरा पानं वहीत उतरवली. बदाम राणीच्या जागी नुसता पांढरा चौकोन होता, पण खाली नाव होतं. खेळ सुरू झाला. पहिल्याच हाताला मास्तरांनी चौकट एक्का टाकला आणि त्यांच्याच भिडूने त्यावर हुकूम मारला.

“अरे गाढवा, मी तुझा भिडू!” मास्तर पडद्यावर ओरडले. खोली खदखदून हसली. भिडूची अक्कल ‘नंतर’ होती ना!

चौथ्या हाताला मास्तरांनी बदाम राणी टाकायला सांगितली आणि पडदा काळा झाला. मितेशने लाईन तोडली. फोनची तारही तीच, त्यामुळे तोडल्याबरोबर फोन खणखणला. रोह्याहून अनिता.

“दादा, काय केलंस? इकडे सगळं गेलं!”

तिच्या हातून कुणीतरी फोन ओढून घेतला. काळुरामचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू गेला. “मास्तर हायेत का तिथं? त्यास्नी सांगा, हरायला लागले म्हनून तार तोडू नका!”

मास्तरांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. मितेशने साईट नव्याने सुरू केली, पुन्हा जोडली. पानं आली. नम्रताने वहीचं पान उलटून मागच्या बाजूला लिहायला घेतलं.

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं आणि ते खुर्चीत पुढे सरकले.

“मितेश, ही मघाचीच पानं आहेत.”

“नाही हो, नवीन वाटलीत.”

“तीच आहेत. इस्पिक राजा, सत्ती, तिर्री...”

“मास्तर,” मितेश कळवळून म्हणाला, “नवा डाव आहे हा. मघाचं तुमच्या डोक्यात राहिलंय.”

मागून कुणीतरी कुजबुजलं, “वय झालं की होतं असं.” कुणी खुदकन हसलंही. वाईट हेतूने नव्हे, पण मास्तरांना ते खिशातल्या पत्रासारखं टोचलं. पूर्वी आपण गोष्टी विसरत होतो, आता न घडलेल्या आठवायला लागलो की काय? नम्रताने विचारलं, “कुठलं टाकू?” तर म्हणाले, “तुझ्या मनाने टाक.” असं ते आजवर कधीच म्हणाले नव्हते. तिने खेळता खेळता बदाम राणी टाकली आणि पडदा पुन्हा काळा झाला.

मितेश डोकं धरून खाली बसला. मास्तर हळूच उठले. काठी घेतली. “नमू, तू खेळ. मी घरी जातो. एक पत्र लिहायचंय.”

नम्रताला त्या पत्राबद्दल घरी ऐकून माहीत होतं. मास्तर काय लिहिणार, हे तिला त्यांच्या आवाजावरून कळलं. काय करावं ते सुचेना, म्हणून ती वही चाळू लागली. पानाची पुढची बाजू. मागची बाजू. पुन्हा पुढची. मग तिने पान उजेडात धरलं.

“मास्तर, थांबा! तीच आहेत!”

“काय?”

“पानं! पुढे पण तीच, मागे पण तीच. तेराच्या तेरा!”

मितेशने वही ओढून घेतली. “तू मघाचंच बघून उतरवलं असशील गो.”

“मी नाय बघितलं!” रागाने नम्रताच्या तोंडून घरची बोली बाहेर पडली. “पुन्हा चालू करून बघ. मास्तर पडद्याकडे पाठ करून उभे राहतील, आणि पानं यायच्या आधी सांगतील.”

मास्तर जिन्याच्या तोंडाशी थांबले होते. परत यायला त्यांना धीर होत नव्हता. चुकलो तर? मग साराचं म्हणणं खरंच ठरलं. पण दहा वर्षांची एक पोरगी आपल्या बाजूने भांडत असताना पळ काढायचा? ते परत आले. पडद्याकडे पाठ करून, भिंतीवरच्या ‘नंतर’च्या कागदाकडे तोंड करून उभे राहिले.

खरखर झाली. किणकिण झाली.

“इस्पिक राजा,” मास्तर म्हणाले. आवाज जरा कापत होता. “इस्पिक सत्ती. इस्पिक तिर्री. बदाम राणी, बदाम पंजी. चौकटचा एक्का, दश्शा, नव्वी, दुर्री. किल्वर गुलाम...”

पडद्यावर पानं उमटली.

“...किल्वर अठ्ठी, छक्की, चौकी.”

नम्रता बोट ठेवून एकेक पान मोजत गेली आणि तेराव्यावर ओरडली, “सगळी बरोबर!”

“आणखी एक,” मास्तर वळून म्हणाले. आता आवाज कापत नव्हता. वर्गात उत्तर तपासताना असायचा, तसा होता. “तुझा खेळ बंद पडतो तो दर वेळी बदाम राणी टाकली की. तिला चित्र नाही ना? ती खाली ठेवायची कशी, हे त्या बिचाऱ्याला कळत नसेल.”

मितेशने कपाळावर हात मारून घेतला. मग तो लाजत लाजत सांगू लागला. कॉम्प्युटरला आपल्यासारखं मन मानेल तसं पिसता येत नाही. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्या आकड्यावरून तो पिसतो. आकडा तोच, तर पिसणंही तेच. तपासताना सोपं जावं म्हणून मितेशने ‘एक’ हाच आकडा कायमचा लिहून ठेवला होता. नंतर बदलायचा म्हणून.

“म्हणजे हाताला सवय लागली होती,” मास्तर म्हणाले.

“हो मास्तर. आणि काटणारं कुणी नव्हतं.”

एवढ्यात कुणीतरी रोह्याला कळवा म्हणालं. मितेशने लाईन तोडून फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे अनिताने ते काळुरामना सांगून फोन त्यांच्या हातात दिला. मग काळुराम म्हणाले, “मास्तरांना द्या.” मास्तरांनी फोन कानाला लावला.

“मास्तर, माझी बी पानं तीच येत व्हती. दुसऱ्या डावालाच वळखली. पन बोललो नाय.”

“का रे?”

“पोरं हसतील म्हनून. म्हटलं, काळुराम, तुझं डोस्कं गेलं आता.”

मास्तर इतके हसले की खुर्चीवर बसावं लागलं. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाले, “काळू, आपण दोघेही शाबूत आहोत रे!”

मितेशने तासाभरात बदाम राणीच्या जागी किल्वर राणीचं चित्र तात्पुरतं चिकटवलं, आणि वाटपाआधी पडद्यावर एक नवी पाटी आली, ‘पत्ते काटा. कुठलाही आकडा लिहा.’ मान नम्रताला मिळाला. तिने मास्तरांचं वय लिहिलं, एकाहत्तर. पानं आली, आणि त्यातली दोनच ओळखीची होती. डाव शेवटपर्यंत चालला. मास्तर हरले, कारण भिडूने पुन्हा त्यांच्याच पानावर हुकूम मारला. पण हरल्यावर इतका खूश झालेला माणूस पेणमध्ये कुणी पाहिला नव्हता.

खाली उतरताना मास्तरांनी खिशातलं पत्र काढलं. “आता साराला काय लिहू गं, नमू? दूध तर मी खरंच जाळलं होतं. विसरतो मी थोडं. पण जायची वेळ अजून आलेली नाही, हे तिला पटेल का?”

नम्रता पायरीवर थांबली. तिने वही उघडली. मास्तरांकडे एकदा घाबरत पाहिलं. मग ते दोन्ही बाजूंनी लिहिलेलं पान तिने फाडलं, अगदी सरळ, आणि घडी घालून त्यांच्या हातातल्या पत्रावर ठेवलं.