दोघींचं बोलणं ऐकलेला माईक

मी एक जुना माईक आहे. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा आला आहे आणि वायर जिथे आत शिरते तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. सध्या माझा मुक्काम एका शाळेच्या सभागृहात असतो. मित्रांनो, तुम्ही माझ्यासमोर येऊन कविता म्हणता, सूचना वाचता, कधी कधी नुसतेच खोकून जाता. याला काय कळतंय, असे तुम्हाला वाटत असेल. फारसे कळत नाही, हे खरे. पण माझ्या आत कागदाहूनही पातळ असा एक पडदा आहे. माणूस बोलला की तो थरथरतो. मी आयुष्यभर एवढेच केले, आणि तरी त्याचे नवल अजून ओसरलेले नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबच लांब टेबलांवर बायका ओळीने बसून काम करत. माझ्या आतली केसासारखी तार एका बाईने डोळ्याला भिंग लावून जोडली. जोडता जोडता ती शेजारणीला आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगत होती. म्हणजे अंगाने पुरता व्हायच्या आधीच मला लोकांचे ऐकून घ्यायची सवय लागली. मग तपासनिसाने मला हातात धरले आणि अगदी हळू, कुजबुजल्यासारखे विचारले, "ऐकू येतंय का?" खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कर्ण्यातून ती कुजबुज एवढी मोठी होऊन बाहेर आली की खिडकीतला पारवा उडाला. मी थक्क झालो. माणसाच्या तोंडातून निघालेली वाफेसारखी गोष्ट, आणि तिने अख्खी खोली भरून जावी!

तिथून मी एका व्हॉलीबॉल क्लबात आलो. क्लबाचे स्वतःचे मोठे क्रीडागृह होते. लाकडी जमीन, चारी बाजूंनी पायऱ्यांसारखी बाके आणि वर लोखंडी छत. तिथली ध्वनियंत्रणा ज्यांच्या हाती होती त्यांना सगळे 'काका' म्हणत. काका सामन्याच्या दिवशी मला निवेदकाच्या टेबलावर ठेवत आणि सामना संपला की उचलून वार्ताहरांच्या खोलीत नेत. दाताच्या जुन्या ब्रशने ते माझी जाळी साफ करत. "आवाज कसा खणखणीत आहे बघा याचा," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि मला लाजल्यासारखे होई.

त्या क्लबाच्या संघात दोघी मैत्रिणी होत्या. एकीला लोक 'वीज' म्हणत. ती जाळीवर उडी घेऊन चेंडू असा हाणायची की समोरच्या मुली आधी डोळे मिटायच्या आणि मग हात वर करायच्या. दुसरी 'टाचणी'. अंगाने बारीक, जिभेने टोकदार. विजेला चेंडू उचलून देणे हे तिचे काम. चेंडू कुठूनही, कसाही येवो, टाचणी तो बोटांवर झेलून नेमका तिथे सोडायची जिथे विजेचा हात पोचणार असे. दोघी एकाच गल्लीत वाढलेल्या, एकमेकींच्या घरी जेवलेल्या.

विजेची देवावर गाढ श्रद्धा होती. सामन्याआधी ती कोपऱ्यात डोळे मिटून उभी राही. टाचणी देव मानत नसे. यावरून दोघींची रोज जुंपे. "देव तुला बघतोय," वीज म्हणे. "बघू दे. माझा खेळ चांगला आहे," टाचणी म्हणे. आणि दोघी हसत मैदानात उतरत.

त्या वर्षी संघ उपांत्य सामन्यात पोचला. शेवटचा गुण उरला होता. चेंडू कुणाच्या तरी हातावरून सटकला आणि थेट बाकांच्या दिशेने गेला. तो गेल्यात जमा होता. पण टाचणी त्याच्यामागे सुटली. मागे झुकून, जवळजवळ आडवी होत तिने तो चेंडू जाळीवर उंच उडवला. वीज केव्हाच हवेत होती. तिचा हात खाली आला, आणि क्रीडागृहाचे छत उडते की काय असा आरडाओरडा झाला. सगळे विजेला मिठ्या मारत होते. टाचणी मात्र बाकांपाशी पडली होती आणि तिचा गुडघा भलत्याच दिशेला वळला होता.

तिला दवाखान्यात नेले. इकडे वार्ताहरांच्या खोलीत विजेला माझ्यासमोर बसवले गेले. तिच्या अंगावरचा घामसुद्धा वाळला नव्हता.

"तुमची मैत्रीण जखमी झाली," एका वार्ताहराने विचारले, "काय वाटतंय तुम्हाला?"

"वाईट वाटतंय," वीज म्हणाली. "पण खरं सांगू का? मी तिला कितीदा म्हटलं होतं, देवाला मान म्हणून. जो मानत नाही त्याला देव कुठेतरी असा थांबवतो. हा इशारा आहे. तिच्या भल्यासाठीच आहे."

वार्ताहर खुर्चीत पुढे सरकला.

"म्हणजे देवाने तिचा गुडघा मोडला, असं म्हणताय?"

"मला जे दिसतंय ते सांगतेय मी."

मित्रांनो, आवाजात खोट असली की माझ्या पडद्याला ती लगेच जाणवते. तिच्या आवाजात खोट नव्हती, द्वेषही नव्हता. काळजी होती, मायासुद्धा होती. त्याचीच मला भीती वाटली. इतक्या प्रेमळ आवाजातून इतका मोठा दगड सुटू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आणि तो मीच सगळीकडे पोचवला होता.

टाचणीने ते शब्द दवाखान्यातल्या टीव्हीवर ऐकले, असे मला काकांकडून कळले. पायाला फळी बांधलेली होती, उशाशी आई बसली होती. आईने उठून टीव्ही बंद केला. पण बोललेले काही बंद होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून क्लबाचा फोन थांबेना. काही लोक विजेला नको नको ते बोलू लागले, तिच्या म्हाताऱ्या वडिलांनासुद्धा रस्त्यात अडवू लागले. काहींनी तिला डोक्यावर घेतले आणि टाचणीच्या आईला फोन करून सुनावले, "आता तरी पोरीला शहाणपण शिकवा." क्रीडागृहाच्या फाटकाबाहेर एका बाजूला 'तिला काढून टाका' असे फलक आले आणि दुसऱ्या बाजूला 'तिला बोलू द्या' असे. ओरडणाऱ्यांपैकी अर्ध्याअधिक लोकांनी व्हॉलीबॉलचा सामना कधी पाहिला नव्हता, असे काका म्हणाले.

क्लबाच्या अध्यक्षांनी एक माफीनामा तयार करून घेतला आणि विजेला माझ्यासमोर बसवून म्हणाले, "एवढं वाच. म्हणजे विषय संपेल."

विजेने कागद मनातल्या मनात वाचला. "यात लिहिलंय की माझा तसा विश्वासच नाही."

"मग काय झालं? दोन ओळी आहेत."

"विश्वास आहे माझा. नाही असं कसं म्हणू?"

"मग क्लबातून जावं लागेल. विचार कर."

तिने कागदाची नीट घडी घातली, टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली. तिच्यावर रागवावे की तिचे कौतुक करावे, हे मला समजेना. दुखावणारे बोलायला ती कचरली नव्हती, खोटे बोलायला मात्र तयार नव्हती. माणूस एवढा गुंतागुंतीचा असतो हे पाहून मी अवाक झालो होतो.

मग अध्यक्षांनी वार्ताहरांना बोलावले. विजेला काढून टाकल्याचे जाहीर होणार, हे सगळ्यांना कळून चुकले होते. खोली खच्चून भरली. संघातल्या मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. वीज सगळ्यात मागे दाराशी बसली होती. अध्यक्षांनी घसा साफ केला, तेवढ्यात बाहेर कुबड्यांचा ठक ठक आवाज आला आणि टाचणी आत आली. मागे तिची आई.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.

"तू आराम करायला हवा होतास," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही तुझ्या बाजूनेच निर्णय घेतलाय."

"माझ्या बाजूने आहे तर मला विचारायला हवं होतं ना."

अध्यक्ष खुर्चीवरून उठले. काकांनी मला तिच्यासमोर सरकवले.

"तिचं बोलणं मला लागलं," टाचणी म्हणाली. "गुडघ्यापेक्षा जास्त लागलं. आईला लोकांनी फोन केले, ती रडली, तेही लागलं. पण तिचं तोंड बंद करा असं सांगायला मी आलेली नाही. मला उत्तर द्यायचंय. जिला घालवून दिलं तिला मी उत्तर कसं देणार?"

मग ती विजेकडे पाहू लागली. पुढचे ती तिच्याशीच बोलली, फक्त ते सगळ्यांनी ऐकले.

"तो चेंडू मी सोडू शकले असते. कुणी काही म्हटलं नसतं. पण पळताना मी मागे पाहिलं तर तू हवेत होतीस. चेंडू येईल की नाही हे माहीत नसताना उडी मारली होतीस तू. कुणाच्या भरवशावर? माझ्याच ना. म्हणून मी तो सोडला नाही. माझा गुडघा असा गेला. त्याचा अर्थ लावायचाच असेल तर तो मला लावू दे. तो तुझ्या देवाचा इशारा नव्हता. तो तुला दिलेला चेंडू होता."

मित्रांनो, मी अनेक विजयी कर्णधारांचे आवाज ऐकले होते. हजारो लोकांचा जल्लोष ऐकला होता. पण त्या बारीक, थोड्या घोगऱ्या आवाजाने माझा पडदा जसा थरथरला तसा कधीच थरथरला नव्हता. ती ओरडत नव्हती. तिला ओरडायची गरजच नव्हती.

वीज उठली. चालत पुढे आली. अध्यक्षांनी घाईघाईने तो घडी घातलेला कागद पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"माझा देवावर विश्वास आहे," ती म्हणाली. "तो आजही आहे, उद्याही राहील. पण त्याच्या मनात काय आहे ते मला कळतं असं मी बोलले. ते मला कुठून कळणार? तुझ्या दुखण्यावर बोट ठेवून मी माझं म्हणणं खरं करायला निघाले. चुकलं माझं." मग माझ्यापासून तोंड वळवून ती टाचणीच्या आईकडे पाहत म्हणाली, "मावशी, तुम्हाला फोन आले ते माझ्यामुळे."

आईने फक्त मान हलवली. ती मान 'ठीक आहे' अशी हलली की 'पुरे' अशी, हे मला आजही सांगता येणार नाही.

काढून टाकण्याचा विषय तिथेच मागे पडला. पण संघाचे प्रशिक्षक, ज्यांना मुली 'सर' म्हणत, पुढे आले. "विश्वास तुझा आहे. त्यासाठी मी कुणाला बाहेर बसवणार नाही," ते विजेला म्हणाले. "पण या मुलींकडे बघ. कुणी देव मानतं, कुणी वेगळा मानतं, कुणी मानतच नाही. उद्या यांतली कुणी पडली तर तिच्या मनात येईल, आता माझ्याबद्दल काय बोलतील. असा विचार मनात असला की कुणी चेंडूवर झेप घेत नाही. तो धाक आधी जायला हवा. अंतिम सामन्यात तू खेळणार नाहीस."

"चालेल, सर," वीज म्हणाली.

अंतिम सामना संघ हरला. फाटकाबाहेरच्या दोन्ही बाजू नाराज झाल्या. एकांना शिक्षा फार वाटली, दुसऱ्यांना फारच कमी. टाचणीने त्या दिवशी विजेला जवळ घेतले वगैरे काही नाही. "बोलू आपण," एवढेच म्हणाली. "आज नको." पुष्कळ आठवडे त्या बोलल्या नाहीत. मग एकदा वीज तिला व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेली आणि वाटेत दोघी पुन्हा देवावरून भांडल्या. काकांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, "आता काळजी नाही."

टाचणीचा गुडघा बरा झाला, पण उडी गेली ती गेलीच. तिने मग निवेदनाचे काम घेतले. पुढच्या मोसमात तिने मला हातात धरले. वीज मैदानात उतरली तेव्हा काही बाकांवरून तिची हुर्यो उडवली गेली. थोड्या वेळाने विजेने चेंडू हाणला, गुण झाला. आता गुण मिळवणारीचे नाव पुकारायचे होते. टाचणीने मला तोंडाजवळ धरले. मग तिने ते नाव असे खणखणीत पुकारले की हुर्यो उडवणारे लोकही वळून पाहू लागले. ज्या आवाजाला सर्वांत जास्त लागले होते त्याच आवाजाने ते नाव छतापर्यंत नेले, आणि ते माझ्यातून गेले. एवढा मान मला नंतर कधी मिळाला नाही.

पुढे बिनतारी माईक आले, बोटाएवढे. मी कपाटात गेलो, धूळ खाल्ली. माझ्यावर कुणी तरी खुर्ची आपटली, त्याचा हा पोचा. काका कामातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला तुमच्या शाळेला देऊन टाकले.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. माझी जाळी पुसा, वायर मुडपू नका. आणि माझ्यासमोर उभे राहाल तेव्हा मनातले जरूर बोला, घाबरू नका, मी कुणाला अडवत नाही. फक्त ज्याच्याबद्दल बोलत असाल तो समोरच बसला आहे, असे धरून चाला. तुमचे बोलून झाले की लगेच पाठ फिरवून जाऊ नका. जरा बाजूला सरका, त्याची उंची बघून माझी दांडी खालीवर करा, आणि तो काय म्हणतो ते ऐकायला तिथेच थांबा.